थारचे बुश दोनदा बदलले तरी टकटक जात नाही: बोल्ट आवळताना चाक कुठं होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१६ ची महिंद्रा थार सीआरडीई, ९५,००० किलोमीटर झालेली. पुढच्या डाव्या लोअर आर्मचे (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश दीड वर्षात दोनदा बदलले. तरी स्पीडब्रेकरवर टकटक परत सुरू झालीय आणि जोरात ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढते. गॅरेजवाले म्हणतात अख्खा आर्मच बदला, मित्र म्हणतो पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे बुश टाका. आणि हे काम घरच्या अंगणात स्वतः जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

जमेल. पण आर्म आणि पीयू दोन्ही बाजूला ठेवा आणि आधी एक आठवून बघा. दोन्ही वेळा बुश बसवल्यावर आर्मचा मोठा बोल्ट शेवटचा आवळला, तेव्हा गाडी स्वतःच्या चाकांवर उभी होती की चाक हवेत लोंबत होतं? जॅकवर गाडी, चाक काढलेलं, मिस्त्रीनं बसल्या बसल्या बोल्ट टाकून गच्च आवळला आणि मग चाक चढवलं, असं झालं असेल तर तुमच्या टकटकीचं मूळ तिथंच आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम करायला लागून मला २७ वर्षं झाली. कमी दिवसांत फाटून आलेले जेवढे बुश मी पाहिलेत, त्यातले निम्म्याहून जास्त मालाच्या दोषानं नाही, तर अशा आवळण्यानं फाटलेत.

याचं कारण बुशच्या रचनेत आहे. लोअर आर्मचा बुश म्हणजे आत एक स्टीलची नळी, बाहेर एक स्टीलची नळी आणि दोन्हींच्या मधे रबर. जुने मिस्त्री याला सायलेंट ब्लॉक म्हणतात. ते रबर नुसतं कोंबलेलं नसतं, उष्णता आणि दाब देऊन दोन्ही नळ्यांना कायमचं चिकटवलेलं असतं. आर्म वरखाली होतो तेव्हा इथं बेअरिंगसारखं काही फिरत नाही, घासत नाही. आतली नळी ब्रॅकेटच्या दोन कानांत बोल्टनं घट्ट धरलेली, बाहेरची नळी आर्ममधे ठोकून बसलेली, आणि मधलं रबर पिळलं जातं. कपडा पिळावा तसं. आर्म वर गेला की एका दिशेला पीळ, खाली आला की दुसऱ्या दिशेला.

म्हणजे बोल्ट ज्या क्षणी आवळला, त्या क्षणी आर्म जिथं होता ती रबराची विश्रांतीची जागा ठरते. चाक लोंबत असताना आवळलात तर विश्रांती लोंबत्या जागी. मग गाडी खाली उतरवली की उभ्या जागीच रबर पिळलेलं. समजा आर्म ३५० मिलिमीटर लांब आहे आणि चाक उभ्या स्थितीपेक्षा ९० मिलिमीटर खाली लोंबलं होतं, तर हा पीळ जवळजवळ १५ अंशांचा होतो. गाडी रात्रभर दारात उभी असली तरी रबर १५ अंश पिळलेलंच. वर खड्ड्यात चाक तेवढंच उचललं की पीळ ३० अंशांवर. नीट आवळलेल्या बुशला याच खड्ड्यात १५ अंश सोसायचे होते. हे महिन्याला दोनदा गगनबावड्याच्या रस्त्यावर करा, पावसाळ्यात करूळ घाट उतरा, आणि वर्षाच्या आत रबर नळीपासून सुटणारच.

यातली आणखी एक गंमत नसलेली गोष्ट सांगतो, कारण ती ग्राहकाला हमखास फसवते. हवेत आवळलेले नवे रबर बुश आर्मला स्प्रिंगसारखे खाली रेटतात, त्यामुळं गाडीचं तोंड थोडं वर उचललेलं दिसतं. मालक खूश होतो, नवे बुश टाकले आणि गाडी उभी राहिली. काही महिन्यांनी रबर फाटलं की तोंड परत खाली येतं. मग कुणीतरी टॉर्शन बारचा (पुढं स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळीचा) बोल्ट आवळून ते परत उचलतं, अलाइनमेंट बिघडते, टायरची कड खाल्ली जाते, आणि दोष येतो टायरवर.

मी स्वतः हे शिकलो ते नुकसान करून. साधारण २००३ सालची गोष्ट. भोगावतीच्या बाजूच्या एका ऊस उत्पादक शेतकऱ्याची जीप होती, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश मी बदलले. गाडी घोड्यांवर म्हणजे लोखंडी स्टँडवर, एक्सल लोंबलेला, आणि मी सगळे पिन तिथंच आवळून मोकळा झालो. चार महिन्यांत ते परत आले. मी माल खराब म्हणून दुसरा टाकला, तसाच आवळला. तिसऱ्यांदा आले तेव्हा माझ्या उस्तादांनी तो जुना बुश शेगड्यात (बेंच व्हाइसमधे) धरला आणि एक्सा ब्लेडनं उभा चिरून माझ्या हातात दिला. फाट सरळ नव्हती. नळीभोवती गोल फिरत गेलेली, दोरीच्या पिळासारखी. बाजूला त्यांनी ८०,००० किलोमीटर चाललेला दुसरा बुश चिरून ठेवला. त्याचं रबर कडेला बारीक तडकलेलं होतं, पण नळीला धरून होतं. ‘हा म्हातारा होऊन गेला, तुझा गळा आवळून मेला,’ एवढंच म्हणाले. त्या शेतकऱ्याचे पैसे मी परत दिले. तेव्हापासून चाक हवेत असताना मी रबर बुशचा बोल्ट हातानं टेकवण्यापलीकडं आवळत नाही.

आता तुमच्या गाडीकडं येऊ. काहीही खोलण्याआधी आवाज खरंच लोअर आर्मचाच आहे का ते बघा. सीआरडीई थारला पुढं इंडिपेंडंट सस्पेन्शन, टॉर्शन बार आणि स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडी कलंडू नये म्हणून असलेली आडवी सळी), मागं पाटे. (त्याच काळातल्या डीआय थारला पुढंही पाटेच होते, त्यामुळं दुसऱ्याच्या थारचा अनुभव तुमच्या गाडीला जसाच्या तसा लावू नका.) पुढच्या टकटकीला सगळ्यात आधी स्टॅबिलायझरच्या लिंकचे आणि बार धरणारे डी-बुश जबाबदार असतात, आणि ते सगळ्यात स्वस्तही असतात. ओळखायची युक्ती सोपी आहे: दोन्ही लिंक सोडवून बार तारेनं बांधून ठेवा आणि त्याच स्पीडब्रेकरवरून हळू एक फेरी मारा. आवाज गेला तर आर्मला हात लावायची गरज नाही. ही फेरी गल्लीतच मारा, स्टॅबिलायझर सुटलेली गाडी वळणावर जास्त कलंडते.

आवाज राहिला तर पहार घ्या. गाडी जमिनीवर, कुणीतरी आत बसून ब्रेक दाबून धरलेला, आणि तुम्ही आर्म आणि ब्रॅकेटच्या मधे पहारीचं टोक घालून आर्म पुढं-मागं रेटा. रबर थोडं दबणं ठीक. पण आर्म टुणकन सरकून परत येत असेल, किंवा आतली नळी भोकाच्या मध्यावर नसून एका बाजूला बसलेली दिसत असेल, तर बुश गेलाय. वरवरच्या बारीक भेगा म्हणजे बुश गेला असं नाही. वय झालेल्या रबराला त्या पडतातच. मी भेग बघत नाही, नळीला रबर धरून आहे का ते बघतो. आणि बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळ्याचा सांधा, विसरू नका. टॉर्शन बार ज्या आर्मला बसलाय त्याच्या खाली जॅक लावून चाक उचला, टायरखाली पहार घालून उचकटून बघा. तिथं खळखळ असेल तर बुश बदलून काही होणार नाही.

एक जागा मात्र फार कमी लोक तपासतात, आणि तुमच्या बाबतीत मला तिचाच दाट संशय आहे. आतली नळी ब्रॅकेटच्या कानांत घट्ट धरलेली असायला हवी. तिच्या टोकांना म्हणूनच बारीक दाते असतात, ते कानात रुततात. बोल्ट कमी आवळला गेला तर नळी बोल्टावर फिरायला लागते, आणि मग कानातलं भोक हळूहळू अंडाकृती होतं. बोल्ट काढल्यावर ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला चकाकतं, घासलेलं लोखंड दिसलं किंवा बोल्टाच्या अंगावर पायरी पडलेली दिसली, तर दोनदा बुश बदलूनही आवाज का राहिला त्याचं उत्तर मिळालं. अशा वेळी बोल्ट नवाच हवा. भोक जास्त पडलं असेल तर ब्रॅकेटचं काम वेल्डिंगच्या चांगल्या कारागिराकडं द्यायचं, वायसर घालून भागवायचं नाही.

ब्रेकला डावीकडं ओढण्याचं कारण बुश असू शकतो. ब्रेक लागला की चाक मागं ढकललं जातं, गेलेला बुश त्याला सरकू देतो आणि त्या बाजूची भूमिती बदलते. पण ब्रेकच्या कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकल्या तरी नेमकं असंच होतं. चाक काढलंच आहे तर दोन्ही बाजूंच्या पिना हातानं सरकतात का बघून घ्या, ५ मिनिटांचं काम आहे.

आर्म बदलायचा का? आर्म वाकलेला नसेल, बुशचं घर म्हणजे बुश बसतो ते भोक खराब नसेल, तर फक्त बुशच्या दुखण्यापायी आर्म बदलू नका. पण दोनदा बुश ठोकून काढलाय आणि ठोकून बसवलाय, म्हणून ते घर तपासा. नवा बुश हातानं अर्धा आत जात असेल तर घर सैल झालंय, आणि मग आर्म बदला म्हणणारे गॅरेजवाले बरोबर आहेत. नवा आर्म घेतला तरी हवेत आवळलात तर त्यातला बुशही तेवढाच टिकेल.

घरी करायचं असेल तर पक्की, सपाट जमीन हवी. खोलण्याआधी गाडी सपाटीवर उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपनं मोजा आणि वहीत लिहा. हे आकडे पुढं दोनदा लागणार आहेत. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. फोर बाय फोर गाडीत एक धोका जास्तीचा आहे: ट्रान्सफर केसचा (टू-व्हील, फोर-व्हील बदलणारा) दांडा न्यूट्रलला राहिला असेल तर गाडी गिअरमधे टाकूनही सरकू शकते. आणि मागची बाजू उचललीत तर हँडब्रेक पुढच्या चाकांना धरत नाही. म्हणून दांडा टू-व्हीलला आहे याची खात्री करा आणि भरवसा ठोकळ्यांवर ठेवा. गाडी चेसिसखाली घोड्यांवर टेकवा. जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

आता टॉर्शन बार. या कामातला खरा धोका इथं आहे, त्यामुळं घाई करू नका. टॉर्शन बार म्हणजे पिळलेली सळी, गाडीचं वजन त्या पिळावर उभं असतं. बार सैल न करता आर्मचा बोल्ट ओढलात तर आर्म हात तोडेल. आधी बारच्या मागच्या टोकाला असलेल्या ॲडजस्टिंग बोल्टचे किती आटे बाहेर आहेत ते व्हर्निअरनं मोजून लिहा. बार, आर्म आणि मागचा अँकर यांच्यावर एका रेषेत पंचनं खुणा करा. चाक पूर्ण लोंबू द्या, म्हणजे पीळ कमीत कमी राहतो, आणि मग ॲडजस्टिंग बोल्ट थोडा थोडा सोडा. लोंबत्या चाकालाही थोडा ताण शिल्लक असतो, तेव्हा तोंड बाजूला ठेवा. दोन्ही बाजू खोलत असाल तर डावा-उजवा बार चुकूनही बदलू नका. बारला एकाच दिशेनं पिळायची सवय घडवलेली असते.

ब्रेकचा कॅलिपर काढावा लागला तर तारेनं वर बांधा, होजवर लोंबू देऊ नका. पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचंही तसंच. नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) सुटून बाहेर झुकला की शाफ्टचे जॉइंट ओढले जातात, रबरी बूट फाटतो, आणि हजाराच्या कामाचं मोठं काम होऊन बसतं.

बोल्ट निघत नसेल तर नीट बघा. डोकं फिरतंय, पण बोल्ट बाहेर येत नाही आणि रबर सोबत पिळलं जातंय? मग बोल्ट आतल्या नळीला गंजानं चिकटलाय. आपल्याकडं २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांत मी हे सर्रास पाहिलं. पुराच्या पाण्यानं रबराला फारसं काही होत नाही, पण नळीत शिरलेला गाळ ओलावा धरून ठेवतो आणि बोल्ट दगड होतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. तरी हलला नाही तर ठोकत बसू नका, आर्म आणि ब्रॅकेटच्या फटीतून एक्सा ब्लेडनं बोल्ट दोन ठिकाणी कापा. नवा बोल्ट घ्यायचाच आहे. बसवताना त्याच्या मधल्या अंगाला तांब्याच्या ग्रीसचा पातळ हात द्या, म्हणजे पुढच्या वेळी तो निघेल. आट्यांना ग्रीस लावलं की तोच टॉर्क जास्त आवळतो, तेव्हा आटे कोरडे ठेवा.

जुना बुश काढताना गॅस लावून रबर जाळायची पद्धत आपल्याकडं जुनी आहे. काळा धूर, गॅरेजभर वास, आणि नळी ढिली होते. मी ती सोडली. तो धूर छातीला वाईटच, पण लोखंडाचंही नुकसान होतं. पाट्याच्या डोळ्यात (टोकाच्या गोल वळवलेल्या भोकात) हे केलंत तर ते फार महागात पडतं: पाट्याचं स्टील पाणी देऊन, ताव देऊन घडवलेलं असतं. डोळा लाल होईपर्यंत तापवला की ते मऊ पडतं, आणि पाटा मोडतो तो बरोबर तिथंच. त्यापेक्षा ड्रिलनं रबराला गोलाकार भोकं पाडा, आतली नळी ढकलून काढा. मग एक्सा ब्लेड भोकातून ओवून बाहेरच्या नळीला आतून एक उभी चीर द्या. ब्लेड नळी कापून घराला लागायच्या आत थांबायचं. हाताला ते कळतं, आवाज बदलतो. चीर पडली की छिन्नीनं नळी आत दुमडा, ती सुटते. १५-२० मिनिटं लागतात.

बसवायचं काम मात्र हातोड्यानं करू नका, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी उद्यमनगरात चक्कर मारा. कुठल्याही लेथवाल्याकडं दोन तुकडे वळवून घ्या: एक ढकलणारा, ज्याचा बाहेरचा व्यास बुशच्या बाहेरच्या नळीपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी, आणि दुसरा वाटीसारखा, ज्यात बुश पलीकडून मोकळा उतरेल. दाब फक्त बाहेरच्या नळीवर यायला हवा. आतल्या नळीवर किंवा रबरावर दाब दिलात की चिकटवलेला सांधा बसवतानाच सुटतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. प्रेस असेल तर उत्तम, नाहीतर जाड हाय टेन्साइल स्टड, दोन नट आणि हे दोन तुकडे यांनी शेगड्यासारखं ओढून घेता येतं. आर्मचे दोन कान उघडे असतील तर त्यांच्या मधे पाइपाचा बरोबर मापाचा तुकडा घाला, नाहीतर कान आत दबतात. वंगण म्हणून साबणाचं पाणी. तेल किंवा साधं ग्रीस नको.

बरेच जण बुश रात्रभर फ्रीझरमधे ठेवतात. ठेवा, नुकसान नाही, पण चमत्कार होईल असं समजू नका. ५० मिलिमीटर व्यासाची स्टीलची नळी ४० अंशांनी गार केली की जेमतेम ०.०२ मिलिमीटर कमी होते. घराची कड कानशीनं साफ करून तिला बारीक उतार दिलात तर त्याचा उपयोग याहून जास्त होतो. आणि जुना बुश काढण्याआधी त्याच्याकडं नीट बघून घ्या. काही बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्या कुठल्या दिशेला आहेत ते आर्मवर पंचनं मारून ठेवा आणि नवा त्याच दिशेनं बसवा.

आता मुख्य काम. आर्म जागेवर, बोल्ट ज्या बाजूनं होता त्याच बाजूनं घातलेला, नवे लॉकनट हातानं टेकवलेले, बस्स. टॉर्शन बार खुणांवर बसवून ॲडजस्टिंग बोल्ट लिहून ठेवलेल्या मापापर्यंत आणा. चाक चढवा, गाडी जमिनीवर उतरवा. पुढचं बोनेट धरून चार-सहा वेळा दाबून हलवा, गाडी दोन-तीन मीटर पुढं-मागं ढकला म्हणजे टायर मोकळे होऊन आर्म आपल्या जागी बसतील. उंची परत मोजा. पहिल्या आकड्याशी जुळत नसेल तर टॉर्शन बारनं जुळवा. आणि मग, गाडी चारही चाकांवर उभी असतानाच, खाली आडवे होऊन बोल्ट टॉर्क पान्यानं आवळा. थारखाली जागा भरपूर आहे, अंगणात चादर टाकून हे होतं. गॅरेजला पिट असेल तर फारच सोपं. टॉर्कचा आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या, पान्याला पाइप लावून अंदाजानं आवळू नका. कमी झाला तर नळी फिरते, जास्त झाला तर बोल्ट ताणला जातो.

काही गाड्यांत चाक बसवल्यावर बोल्टापर्यंत पाना पोचत नाही. तेव्हा गाडी घोड्यांवर ठेवून आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची वहीतल्या आकड्याएवढी होईपर्यंत आर्म उचला. त्या जागी आवळा. आर्म उचलताना गाडी घोड्यावरून उचलली जात नाहीये ना, याकडं दुसऱ्या माणसानं डोळ्यात तेल घालून बघायचं.

हे सगळं दोन्ही बाजूंना करा. डावा बुश नवा आणि उजवा ९५,००० किलोमीटरचा, असं ठेवलंत तर गाडी ओढायची थांबेलच असं नाही.

पीयूबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पीयू वाईट नाही, पण तुमच्या दुखण्यावरचं औषध ते नाही. रबर बुश साधारण ५० ते ७० शोअर कडकपणाचे असतात, पीयूचे ८० ते ९५ च्या आसपास. पीयूचे बहुतेक बुश दोन अर्ध्या तुकड्यांत येतात आणि नळीवर फिरतात, त्यामुळं हवेत आवळलं तरी त्यांना पीळ बसत नाही. म्हणूनच अनेकांना वाटतं की पीयू टाकलं आणि त्रास गेला. पण त्या बदल्यात ते ग्रीस मागतात, तेही सिलिकॉनचं. दाजीपूरच्या तांबड्या चिखलात, जांभ्याच्या बारीक धुळीत ते ग्रीस धुतलं गेलं की कोरडा करकर आवाज सुरू होतो. शिवाय जो धक्का रबर पोटात घालायचं, तो पुढं ब्रॅकेटकडं जातो. स्टॅबिलायझरला पीयू खुशाल टाका, पाट्यांच्या शॅकलला (पाट्याचं मागचं टोक धरणाऱ्या झुलत्या पट्टीला) टाकायचे तरी हरकत नाही. पण पुढच्या आर्मला, रोज गावात आणि महिन्यातून दोनदा घाटात चालणाऱ्या गाडीला, मी रबरच टाकीन. आणि जिम्नीसारख्या गाडीत, जिथं पुढच्या-मागच्या एक्सलच्या लांब आर्मचे बुश पिळतातही आणि तिरकेही होतात, तिथं कडक पीयू टाकलं की एक्सलची वाकडं-तिकडं होण्याची मोकळीकच कमी होते.

मागच्या पाट्यांचं थोडक्यात. पुढचा डोळा आणि मागच्या शॅकलच्या पिना, नियम तोच: उभ्या गाडीवर आवळायच्या. पाटे काढलेत तर सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या भोकात नीट बसलंय हे बोटानं चाचपून बघा. ते बसलं नाही तर एक्सल तिरका राहतो आणि गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी चालते. पाटा एक्सलला बांधणारे यू-बोल्ट जुने परत वापरू नका, एकदा ताणलेले असतात. आवळताना समोरासमोरच्या कोपऱ्यात आलटून पालटून.

अलाइनमेंट त्याच दिवशी करू नका. ५०-१०० किलोमीटर चालवा, बुश बसू द्या, मग उंची पुन्हा मोजून अलाइनमेंट. आणि उंची आधी, अलाइनमेंट नंतर. नंतर कुणी टॉर्शन बारला हात लावला तर अलाइनमेंट परत करावी लागेल, हे त्या दुकानातही सांगून ठेवा. ५०० किलोमीटरला आर्मचे बोल्ट आणि यू-बोल्ट टॉर्क पान्यानं एकदा तपासा. तेव्हाही गाडी जमिनीवरच.

शेवटी एक विचारून घेतो, कारण कोल्हापुरात हे घरोघरी चालतं: पावसाळ्याआधी सर्व्हिसिंगला गाडी देता तेव्हा गंज लागू नये म्हणून खालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारून घेता का? घेत असाल तर बंद करा. बुशचं नैसर्गिक रबर डिझेल-ऑइल शोषून फुगतं, मऊ पडतं, आणि नळीपासून सुटायला लागतं. चेसिसला गंजापासून वाचवायचं असेल तर रबरी भाग झाकून कोटिंग मारायला सांगा. आधीच मारलेलं असेल तर साबणाच्या पाण्यानं खालची बाजू नीट धुऊन घ्या, आणि मगच नवे बुश बसवायला घ्या.